तुमची बरड

मालेगाव दोन आहेत. एक आमच्या नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. दुसरं वाशीम जिल्ह्यातलं. माझ्या दौऱ्याच्या अर्जावर नुसतंच ‘मालेगाव’ वाचून आमच्या कंपनीतल्या कारकुनाने एका दिवसाचा दौरा मंजूर केला आणि वर म्हणाला, “संध्याकाळी चहाला परत याल.” मला दुसऱ्या मालेगावला जायचं होतं आणि तिथून पुढे किन्हीराजाला. अर्ज पुन्हा लिहिला, चार दिवस मागितले, ते मिळाले.

मी नाशिकजवळच्या एका वाईन कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. वडील गवंडी. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. तालुक्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि या नोकरीला लागले, तेव्हा वाईन कशी दिसते हेही मला माहीत नव्हतं. आई अजून शेजाऱ्यांना ‘रसाच्या कंपनीत आहे’ असंच सांगते. पहिल्या दिवशी माझ्या हातून काचेचं भांडं फुटलं. तेव्हा कारखान्याची वाईन करणाऱ्या शिरसाठ सरांनी काचा स्वतः वेचल्या आणि म्हणाले, “एक फुटलं की हात बसतो.” पुढची सहा वर्षं त्यांनी मला मोजायला, हुंगायला आणि चव घेऊन थुंकायला शिकवलं. आज मला जे येतं ते त्यांचं आहे.

चार वर्षांपूर्वी सर नोकरी सोडून वाशीम जिल्ह्यात गेले. तीस वर्षं त्यांनी कंपनीला हवी तशी वाईन केली होती, गडद, गोडसर, लाकडाच्या वासाची. आता त्यांना जमिनीची चव असलेली साधी लाल वाईन करायची होती. कुणाच्या तरी लग्नाला त्या भागात गेले असताना किन्हीराजाजवळ त्यांना एक मुरमाड टेकाड दिसलं, आणि तिथेच ते राहिले. त्यांच्या पत्नी नाशिकला मुलीकडे असतात. सर तिकडे एकटे.

मी निघाले ती त्यांना भेटायला, पण पिशवीत कंपनीचा एक कागदही होता. कंपनी सरांची सगळी वाईन, गेल्या वर्षीची आणि यंदाची, मोठ्या टाकीत मिसळायला घेणार होती आणि सरांना सल्लागार म्हणून परत बोलावणार होती. कागदावर सरांची सही आणायची होती. कंपनीचे साहेब म्हणाले होते, “तुम्ही गेलात तर ते नाही म्हणणार नाहीत.” माझी नोकरी येत्या जूनमध्ये कायम व्हायची होती, आणि हेही त्यांनी त्याच वाक्याच्या पाठोपाठ सांगितलं होतं.

अकोला ते किन्हीराजा

अकोल्याला सकाळी उतरले आणि एस.टी. पकडली. पातूर मागे पडलं की रस्ता चढायला लागतो. मेडशीच्या आसपास जंगल आहे. फेब्रुवारी संपत आला होता, सागाची पानं गळून गेली होती आणि मधेच एखादा पळस काळ्या कळ्या घेऊन उभा होता. आमच्याकडे या दिवसांत द्राक्षाच्या मांडवांशिवाय काही दिसत नाही. इथे हरभऱ्याची सोंगणी चालली होती आणि कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या वाळून गेल्या होत्या.

शेजारी एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कोन्या गावच्या तुमी?”

“नाशिककडची.”

“किन्हीराजाले कोनाकडे?”

मी सरांचं नाव सांगितलं. त्यांनी आठवून पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हंजे नाशिकवाला? थो दारूवाला?”

“दारू नाही हो, वाईन.”

“थेच थे.” मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून त्या म्हणाल्या, “मानूस वाईट नाई. पन टोचून बोलते.”

मला काही कळेना. सहा वर्षांत सरांनी कुणाला टोचून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर बाईंनी पदर सारखा केला. “तुमच्यासंगं नसन बोलत,” एवढंच म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मालेगावला दुसरी गाडी मिळायला दीड तास लागला. स्टँडवर रिसोडच्या जीपवाल्याने तीनदा माझी पिशवी उचलली आणि तीनदा मी ती परत घेतली. किन्हीराजाच्या फाट्यावर सर सायकल घेऊन उभे होते. ते वाळले होते. माझी पिशवी त्यांनी कॅरिअरवर ठेवली. मागच्या चाकात हवा नव्हती, म्हणून आम्ही दोघंही चालत निघालो.

टेकाड

चारी बाजूंना काळी जमीन, तिला तळहाताएवढ्या भेगा, आणि मधोमध तांबूस मुरमाचं टेकाड. त्यावर दीड एकरात शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वेली. आमच्याकडच्या मांडवासारख्या डोक्यावर पसरलेल्या नव्हत्या, तर कमरेएवढ्या, तारेला धरून उभ्या केलेल्या. तोडा चार दिवसांपूर्वी झाला होता. एक घड राहून गेला होता, त्यातला मणी मी तोंडात टाकला. छोटा, जाड सालीचा, निम्मा बियांनी भरलेला.

“हे मी पहिल्या तोड्याला गावात वाटले,” सर म्हणाले. “लोक म्हणाले, द्राक्षं म्हणून बोरं दिली.”

दोन खोल्यांचं घर आणि त्यामागे अर्धी जमिनीत खोदलेली खोली. या भागात मार्चच्या आधीच ऊन तापतं, म्हणून टाक्यांभोवती ओली गोणपाटं गुंडाळलेली. यंदाचा रस आंबत होता. साली फुगून वर आल्या होत्या. त्या दिवसातून तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबाव्या लागतात. मी आत गेले तेव्हा एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस ते काम करत होता. गळ्यात तुळशीची माळ होती.

“हे नामदेवभाऊ,” सर म्हणाले. “खालच्या नाल्याकाठी भाजीपाला पिकवतात. ही जमीन मी त्यांच्याकडूनच घेतली.”

“पेत नाई मी,” नामदेवभाऊंनी मी काही विचारायच्या आधीच सांगितलं. “हात लावाले काय, हात धुता येते.”

वेलीची छाटणी, पाणी, तोडा, सगळं सरांच्या बरोबरीने हा माणूस करत होता. घड कधी तोडायचा हेही तेच सांगत. बी चावून पाहायचे, ती कडकन वाजली की म्हणायचे, झालं. ज्या वाईनला त्यांचा इतका हात लागला होता, तिचा एक थेंब त्यांनी चाखला नव्हता आणि चाखणारही नव्हते.

दुपारी त्यांच्या घरून डबा आला. ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा, मिरचीचा ठेचा. बेसनाच्या वड्या रश्शात सोडलेली ही भाजी आमच्याकडेही होते, पण इथला रस्सा डोळ्यांतून पाणी काढतो. सरांनी गेल्या वर्षीची वाईन दोन स्टीलच्या पेल्यांत ओतली. काचेचे ग्लास होते, पण ते धुताना फुटतात, म्हणाले.

मी नोकरीतल्या सवयीने आधी रंग पाहिला. पेला तिरपा केला तर तळ दिसत होता, इतकी फिकी. वास लगेच येत नव्हता. थोड्या वेळाने चिंचेच्या सालीसारखं काहीतरी आलं, मग पाणी मारलेल्या मुरमासारखं. चव कोरडी, आणि शेवटी जांभळाची बी चघळल्यासारखी तुरट.

“खरं सांग,” सर म्हणाले.

“नुसती प्यायला दिली तर दुसरा पेला मागणार नाही, सर.”

“आणि?”

मी पेल्यात पाहिलं. तो रिकामा होता. जेवता जेवता कधी संपला ते मला कळलं नव्हतं. सर माझ्या पेल्याकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, “चार वर्षांत माझ्यासमोर बसून, जेवणासोबत ही घेणारी तू पहिली.”

तेव्हा मला तो कागद पिशवीतून काढवेना. पण न दाखवणं ही फसवणूक झाली असती. पेले विसळून झाल्यावर मी तो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आणि शेवटी माझ्याकडे दिला. “तूच वाच.”

तेव्हा कळलं की सरांच्या दोन्ही डोळ्यांना बारीक आकडे दिसत नाहीत, आणि हातही थरथरतो. साखर किती उरली, आंबटपणा किती आहे, हे रोज मोजल्याशिवाय आंबता रस सांभाळता येत नाही. गेल्या वर्षी त्यांनी कसंबसं निभावलं. यंदा चार दिवस नुसत्या वासावर चालवत होते.

“तू इथे राहिलीस तर सही करत नाही,” सर म्हणाले. “नाही राहिलीस तर करतो. रागावून नाही. मोजल्याशिवाय वाईन करणं म्हणजे अंधारात चालणं आहे, आणि मी पडलो तर उचलायला कोणी नाही. उद्या सांग.”

लेबल

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी एक छापलेला कागद आणून दाखवला. सही करायची वेळ आली नाही तर बाटलीवर लावायचं लेबल. पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, ‘बरड’.

“हा शब्द मला इथे मिळाला,” सर म्हणाले. “आपल्याकडे माळरान म्हणतात, मुरमाड म्हणतात. बरड म्हटलं की कसं, दगड पायाला लागतो. या वाईनमध्ये जे आहे ते सगळं बरडीचं आहे.”

नामदेवभाऊ साली दाबून हात पुसत बाहेर आले. त्यांनी लेबल हातात घेतलं, एकेक अक्षर वाचलं आणि परत दिलं.

“हे बाटलीवर लावनार?”

“हो. कसं वाटतं?”

नामदेवभाऊंनी हात पुन्हा पुसले. “सर, एक गोष्ट इचारू? तुमी आमच्यावर काहून रागावले?”

सरांना समजलं नाही. मलाही नाही.

“नाई, चार वर्सं झाली. चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीले, जिथं भेटता तिथं तुमी म्हनता, ‘नामदेवराव, तुमची बरड फार गुणाची.’ लोक हासतात. सोयरिकीत पयले काय इचारतात मालूम हाय काय? काळी किती अन् बरड किती. ज्याच्याकडे बरड जास्त त्याच्या पोराले पोरगी भेटत नाई. मी तुमाले हे टेकाड इकलं तवा सारं गाव म्हने, नामदेवनं नाशिकवाल्याले गोटे इकले. मले वाटे, तुमाले बी थेच सलून राह्यलं. म्हनून टोचून बोलून राह्यले. मी म्हटलं, बोलू दे, आपलीच चूक हाय. पन आता तुमी थे छापूनच आनलं. कोनी आपल्या वावराले बाटलीवर शिवी लिहिते काय?”

सर उभे होते ते ओट्यावर बसले. “मी कौतुकानं म्हणत होतो, भाऊ.”

“कौतुकानं?”

“मला त्याहून चांगला शब्द माहीत नाही.”

“चार वर्सं?”

“चार वर्षं.”

नामदेवभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. “मंग तुमी त्या परसरामाच्या पोराच्या साखरपुड्यात बी कौतुकच करत होते काय, ‘यांच्याकडे सात एकर बरड आहे’ म्हनून?”

सरांनी मान डोलावली.

“थे लग्न मोडता मोडता राह्यलं, बाप्पा.”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण सर हसत नव्हते. गावात कोणी त्यांच्याकडे का बसत नाही, बोलावलं तरी दारातूनच का परत जातात, याची कारणं त्यांनी चार वर्षं स्वतःपाशी शोधली होती. ते दारू करतात म्हणून, परके म्हणून, जात वेगळी म्हणून. कारण एका शब्दात होतं आणि तो ते रोज प्रेमाने उच्चारत होते. पाहुणा, वयाने मोठा माणूस, म्हणून कोणी सांगितलंही नाही.

लेबल सरांनी घडी घालून चुलीजवळच्या कागदांत ठेवलं. दुपारी ते जेवले नाहीत.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आम्ही वेलींमधून फिरलो. मी आदल्या दिवसापासून मनात जुळवलेलं सगळं सांगितलं. धाकटा भाऊ बारावीला आहे, आईवडिलांना या पावसाळ्यात माझ्याकडे आणायचं आहे, जूनमध्ये नोकरी कायम होईल, आमच्या घरातली ती पहिली कायम नोकरी. सर ऐकत होते. मी बोलतच राहिले, कारण थांबले असते तर ‘नाही’ हा शब्द एकटा उरला असता.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.”

स्वतःच्या वेळी ते नोकरी सोडून काय करून बसले होते ते आमच्या दोघांच्या समोर होतं. घरी येऊन त्यांनी पेन शोधलं. सही कुठे करायची ती रेघ त्यांना दिसेना. मी बोट ठेवलं. त्यांचं पेन माझ्या बोटाला लागलं, म्हणून ते थांबले. “सकाळी करतो, उजेडात.”

मोजणी

सकाळी नामदेवभाऊ आले तेव्हा कागद ओट्यावर दगडाखाली ठेवलेला होता.

“हे काय?”

सरांनी सांगितलं. वाईन कंपनीला देतोय, मी नाशिकला जातोय.

“माह्या त्या बोलन्यानं?”

“नाही भाऊ. मला मोजता येत नाही आता. डोळे गेले.”

“काय मोजाचं रायते?”

मी काचेची नळी आणून दाखवली. लांब मानेची, खाली शिसं भरलेली. उंच भांड्यात रस घ्यायचा, त्यात ही सोडायची, ती जिथवर बुडते तो आकडा वाचायचा; साध्या पाण्यात तो एक हजार येतो. रसात साखर जास्त असली की नळी वर तरंगते, साखर संपत आली की खाली जाते.

“बस एवढंच?”

“आंबटपणा पण मोजावा लागतो. थेंब थेंब टाकत, रंग गुलाबी होईपर्यंत.”

नामदेवभाऊंनी खिशातून दोरा बांधलेला चष्मा काढला. “मले शिकवा.”

“तुम्ही?” मी म्हटलं.

“काहून? मी सातवी पास हाय. पंचवीस वर्सं वांगे तोलून राह्यलो, काटा एक रेघ हलला तरी मले दिसते. चाखाचं काम सरांचं, मोजाचं माह्यं. माळेले त्यात काई अडचन नाई.”

मी सरांकडे पाहिलं, तर ते नामदेवभाऊंच्या चष्म्याच्या दोऱ्याकडे पाहत होते.

त्या दिवशी परतीची गाडी मी सोडली. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत शिकवत बसले. सर मला जे म्हणायचे तेच माझ्या तोंडून निघत होतं, भांडं डोळ्यांच्या रेषेत आण, बुडबुडे जाऊ दे, नळीपाशी रसाची कमान दिसते तिचा खालचा काठ वाच. नामदेवभाऊंनी पहिल्यांदा वरचा काठ वाचला, दुसऱ्यांदाही तोच, आणि तिसऱ्यांदा भांडंच कलंडवलं.

“एक फुटलं की हात बसतो,” सर मागून म्हणाले. भांडं फुटलं नव्हतं, पण त्यांनी म्हटलं.

अकराच्या सुमाराला नामदेवभाऊंनी बरोबर आकडा वाचला, एक हजार बावन्न. मीही वाचला, बावन्नच.

“उद्या किती होईन?”

“कमी होईल. चाळीसच्या आसपास.”

“कमी?” त्यांना ते पटेना. “म्हंजे माल उतरून राह्यला.”

“नाही भाऊ. साखर खाल्ली जातेय.”

“कोन खाते?”

“बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे.”

“अन् साखर संपल्यावर?”

“मरतात.”

नामदेवभाऊंचा हात माळेकडे गेला. “मंग हत्या झाली ना, ताई.”

“वांग्यावर फवारता तेव्हा?” सर म्हणाले.

“थे बी हायेच,” नामदेवभाऊ म्हणाले आणि दुसरं भांडं भरायला घेतलं.

दुपारी गुलाबी रंग त्यांना पहिल्याच खेपेला जमला. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर होता. मला बरं वाटलं आणि तितकंच आत काहीतरी रिकामं झालं. ज्या कामासाठी सर मला मागत होते ते काम मीच एका दिवसात दुसऱ्याच्या हाती देत होते, आणि ते चांगलं होत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सरांनी कागद माझ्या हातात दिला. सही केलेली नव्हती. “साहेबांना सांग, यंदा नाही.” फाट्यापर्यंत नामदेवभाऊ सायकलवर माझी पिशवी घेऊन आले. मागच्या चाकात आता हवा होती. सर आले नाहीत. साली दाबायची वेळ झाली होती.

परत

साहेबांनी कागद पाहिला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. जूनचं काय होणार ते मला अजून माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या सकाळी पावणेसातला फोन वाजला. “ताई, नामदेव बोलून राह्यलो. एक हजार एकतीस. बरोबर हाय ना?” मी म्हटलं, बरोबर. तिसऱ्या दिवशी अठरा. मग नऊ. मी आकडा वहीत लिहून ठेवायची. वाशीम जिल्ह्यातल्या त्या खोलीत काय चाललंय ते मला रोज चहाआधी कळायचं. एकदा मागून सरांचा आवाज आला, “तिला विचार, जेवली का.” सकाळच्या पावणेसातला. नामदेवभाऊंनी विचारलंही.

एक दिवस फोन जरा उशिरा आला. “ताई, नऊशे अठ्ठ्याण्णव. हजाराच्या खाली गेलं. नासलं काय?”

“नाही भाऊ. तयार होत आली की ती पाण्याहून हलकी होते.”

“हलकी झाली का चांगली?”

“हो.”

“सारं उलटंच हाय या धंद्यात,” ते म्हणाले.

त्यानंतर तीन दिवस एकच आकडा आला, नऊशे चौऱ्याण्णव. तिसऱ्या दिवशी नामदेवभाऊ म्हणाले, “हालतच नाई, ताई. काय करू?”

“काही करू नका. झाली वाईन.”

“झाली?” फोन तोंडापासून दूर गेला. “सर, ताई म्हनते झाली.” पलीकडे कोणीतरी दार उघडल्याचा आवाज आला आणि दोघंही एकदम काहीतरी बोलले. मला शब्द कळले नाहीत. मग नामदेवभाऊ म्हणाले, “ठेवतो, ताई. साली काढाच्या हायेत.”

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या नंतरच्या दिवशीही नाही. मोजायचं काही उरलं नव्हतं, मग करायचा कशाला? मी पावणेसातला उठून बसले होते. वही उघडी होती. थोडा वेळ वाट पाहिली, मग ती मिटून ठेवली आणि कामावर गेले.